इंजिनाशिवाय

क्लाक्सविकला डिसेंबरात तीनलाच दिवस आटोपतो.
मग रान्वाच्या स्वयंपाकघरात आम्ही पाचजण,
प्रत्येकाच्या काखेत वर्षभरातला एकच नवा अल्बम.
एकच. नियम रान्वाचा,
आणि मोडतेही तीच, दरवर्षी.

बाइनिर म्हणतो, चौथं गाणं ऐका, बाकीचं सोडा.
मार्यून उखडते:
सोडायचंच होतं तर त्या पोरीनं गायलं कशाला?
थोडी वादावादी. वाळवलेलं मटण. पुन्हा वादावादी.

त्रोन्दुर कोपऱ्यात, गप्प.
सात महिने ट्रॉलरवर होता.
त्याची तबकडी अजून प्लास्टिकात;
ऐकलं ते सगळं फोनवर, इंजिनाच्या खोलीत.
नखानं प्लास्टिक फाडतो, सुई टेकवतो.

पियानो.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग एक बाई श्वास घेते,
इतक्या जवळ, की मार्यूननं मागं वळून पाहिलं.

त्रोन्दुरचा चेहरा पडला.
"हे ते नाही," म्हणाला.
"याच्या खाली एक घरघर होती.
तिच्यावर हात टेकून ती गायची."

कुणी हसलं नाही.
रान्वा उठली,
भांडी धुण्याचं यंत्र सुरू केलं, अर्धंच भरलेलं,
आणि सुई परत पहिल्या गाण्यावर ठेवली.

त्यानं डोळे मिटले.
"अजून थोडं."
बाइनिरनं चिमणीचा पंखा लावला.

खिडकीची काच बारीक थरथरत होती.
कपातल्या कॉफीवर वर्तुळं.
त्रोन्दुरचे ओठ हलू लागले, शब्द न चुकता.

माझा अल्बम पिशवीतच राहिला.
तसाही तो
फार शांत होता.