आठवा मजला

रात्री दोन वाजता, तुर्कूच्या ऑफिसात चिटपाखरू नसताना,
आमचा तपासनीस कामाला लागतो.
त्याला चहा लागत नाही, खुर्चीही.
ॲपच्या एकेका पानावर जातो,
प्रत्येक बटणाला विचारतो : नाव आहे?
प्रत्येक चित्राला : वर्णन आहे?
करडं अक्षर पांढऱ्यावर पुरेसं गडद आहे?
दोनशे चौदा प्रश्न.
सकाळी दोनशे चौदा हिरव्या खुणा.
वेसा म्हणतो, हा पोरगा कधी रजा मागत नाही.

मंगळवारी गुनवोर सॉदरलुंड आल्या.
वय एकाहत्तर. चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावले.
नकाशात शाईच्या ठिपक्याएवढ्या बेटावरून
आमच्या फेरीबोटीनं,
आमच्याच ॲपवर परतीचं तिकीट काढून दाखवायला.
पांढरी काठी घडी करून पिशवीत ठेवली,
कुणी छत्री ठेवावी तशी,
आणि फोन कानाशी धरला.
तो इतका भरभर बोलत होता
की मला, डोळस माणसाला, एक शब्द लागेना.
पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा आवाज.
त्यांना दाणा न् दाणा कळत होता.

मग थांबल्या. वेग कमी केला, माझ्यासाठी.
"बटण," फोन म्हणाला.
बोट सरकलं. "बटण."
बोट सरकलं. "बटण."

त्यांनी मधलं दाबलं.
निघालेलं तिकीट रद्द झालं.

चिडल्या नाहीत. म्हणाल्या,
"तीन दारं आहेत. तिन्हींवर पाटी आहे.
पाटीवर लिहिलंय : दार."

"पण काल रात्री सगळं हिरवं होतं,"
बोलून गेलो, आणि जीभ चावली.
"हिरवं सातव्या वर्षापर्यंत होतं माझ्याकडे,"
त्या म्हणाल्या. "काकडीचं आठवतं. बाकीचं गेलं."

आता खरं सांगतो.
डिसेंबरातला शुक्रवार, पावणेपाच, बाहेर केव्हाचा अंधार,
तपासनीस लालेलाल : एकतीस बटणांना नाव नाही.
मी एकतीस वेळा लिहिलं, बटण.
लिहिलं कसलं, एकदा लिहिलं, तीसदा चिकटवलं.
त्यानं पाहिलं : नाव आहे. पुढे गेला.
तो खोटं बोलला नाही.
आहे का, एवढंच विचारायला त्याला शिकवलं होतं,
शिकवणाराही मीच.
घरी जाताना मासे घेतले.
बहुधा शीळही घातली असेन.

त्यांच्यासमोर बसून तीन नावं बदलली.
तिकीट घ्या. तिकीट रद्द करा. मागे जा.
"अजून अठ्ठावीस आहेत," मी म्हणालो.
"ती तुम्ही करा, माझी बोट सुटेल."

लिफ्टपर्यंत सोडायला गेलो.
दाराच्या चौकटीवरच्या मजल्याच्या पट्टीवरून
त्यांनी बोट फिरवलं, आणि हसल्या.
"म्हणजे मी मघाशी आठव्या मजल्यावर उतरले."
इमारत पाच मजली आहे.
आम्ही चौथ्यावर.
ब्रेलमधला चार कुणीतरी उलटा चिकटवलेला,
उलटा चार बोटाला आठासारखा लागतो.
शेजारी काचेत तपासणीचा दाखला,
सही, शिक्का, गेल्या वर्षीची तारीख.

"कुणाला सांगितलं नाहीत?"
"सांगणार होते. पण तक्रारीसाठी खाली काय ठेवलंय माहीत आहे?
टच स्क्रीन. नुसती काच."

दार मिटलं. त्या गेल्या.
मी नखानं पट्टी उचकटायला लागलो.
गोंद चिवट. नख तुटलं.
मग इकडे तिकडे बघून डोळे मिटले
आणि तिच्यावर बोट ठेवलं.
मला चार लागेना, आठही लागेना.
नुसते ठिपके, गार, बारीक.
पट्टी आहे,
एवढंच कळलं.