दोन अवतरणचिन्हांमधली जागा

भरमाण्णा सांबरेकर वेळेवर आले,
पांढरी काठी चौकटीला दोनदा टेकवून.
एकवीस वर्षं उद्यमबागेत याच फाउंड्रीत मोल्डर,
नंतरची अकरा घरी.
बाहेरच्या गिऱ्हाइकानं अट घातली होती
की वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी,
तेव्हा मालक म्हणाले, बोलव कुणाला तरी तपासायला.
कुणाला तरी म्हणजे यांना,
हे ध्यानात यायला मला चार दिवस लागले.

मी पान उघडलं.
संगणक बोलू लागला:
लिंक. लिंक. बटण. बटण. चित्र, शून्य शून्य सत्तेचाळीस.
"कसलं बटण गे?"
मला दिसत होतं, हिरवं, गोल, आत बाण.
"पुढं जायचं."
"मग तसं म्हणायला काय होतंय त्याला?"

टॅब दाबत ते मेनूत शिरले
आणि बाहेर येईनात,
पूल व्हायच्या आधी तिसऱ्या गेटला
रिक्षा अडकायची तसे.
पुढं एक चौकोन: तिरपी अक्षरं ओळखा,
तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.
भरमाण्णा हसले.
"पेन्शनच्या हापिसात बी हेच मागत्यात."

कन्नड पानावर आवाज मुका झाला.
पानाला त्याची भाषा सांगायची राहिली होती.
दोनच अक्षरं असतात, अगदी वर, कुणाला न दिसणारी.
ज्या गावात एका पाटीपायी
खडे बाजाराची शटरं खाली येतात
तिथं मी एका पानाला मराठी लिहिलं, दुसऱ्याला कन्नड,
आणि कुठं काच फुटली नाही.
त्यांनी दोन्ही पानं ऐकली.
कन्नडातली एक चूक काढली:
"एरक म्हण की. शिफ्टला सगळी एरकच म्हणायची."

राहिला वरचा फोटो.
पानभर. मालकांचा लाडका.
लेडलमधून साच्यात उतरणारं लोखंड,
कडेनं ठिणग्यांची जाळी.
नुसत्या शोभेच्या चित्राला
दोन अवतरणचिन्हं द्यायची, मध्ये काही नाही,
असा नियम आहे.
आवाज तिथून पाय न वाजवता निघून जातो.
मी तेच केलं होतं.

"सगळ्यात वर काय हाय? काहीतरी गिळलं त्यानं."
"फोटो."
"कसला?"
"ओतकामाचा."
त्यांची मूठ टेबलावर मिटली,
वाळूचा ओलावा बघायला दाबतात
तशी, हळू.
"गॉगल हाय का त्याच्या डोळ्यावर?"

मी फोटो मोठा केला.
दोन वर्षं रोज उघडत होते मी ते पान,
त्यात माणूस आहे हे तेव्हा दिसलं.
"नाही."
"मग लिही की."
"मालक काय म्हणतील?"
"त्यांस्नी दिसतंय न्हवं?
दिसणाऱ्याला कोण वाचून दाखवतंय."

लिहिलं: एक माणूस साच्यात तापलेलं लोखंड ओततो आहे.
त्याच्या डोळ्यांवर काही नाही.
आवाजानं ते जसंच्या तसं वाचलं,
किमतीचा तक्ता वाचतो त्याच सुरात.
"आणि एकदा लाव."
लावलं.
मग त्यांनी चहा मागितला, साखर कमी,
आणि तिरप्या अक्षरांचा चौकोन
काढून टाकायला सांगितला.

दुसऱ्या महिन्यात मालकांनी फोटो बदलला.
आता तिथं कंपनीचं गेट आहे, नवा रंग, दोन कुंड्या.
खालचा मजकूर मी हलवलेला नाही.
तपासणारं यंत्र दर सोमवारी फिरतं,
जागा रिकामी नाही एवढंच बघतं,
आणि हिरवी खूण करून जातं.