तापमानाच्या वहीमागे

वर्ष संपायला दोन रात्री उरल्यात
आणि वहीच्या शेवटच्या पानावर मी यादी करतोय.
पुढून ही वही कोल्ड स्टोरेजची:
एक वाजता, चेंबर चार, साडेचार अंश.
दोन वाजता, चेंबर चार, चार पूर्णांक दोन.
मागून माझी.

इअरफोन उजव्या कानात. डावा मोकळा,
डावा कान पगाराचा आहे.
अमोनिया सुटला तर नाकाला कळतं,
मशीन अडखळलं तर कानालाच.
म्हणजे हे सगळे अल्बम मी अर्धेच ऐकलेत.
डाव्या बाजूला काय वाजलं, देव जाणे.

पाचवा : 'भाड्याची सायकल'.
नांदेडची तीन पोरं, ड्रमच्या जागी पत्र्याची पेटी.
पहिली दोन गाणी उगाच लांबवलीत,
पण तिसऱ्यात गाणारा खोकतो
आणि तो खोकला त्यांनी कापला नाही.
त्या खोकल्यासाठी पाचवा.

चौथा खोडलाय.
मे महिन्यात रात्र रात्र ऐकला, आता ऐकवत नाही.
कारण अल्बममध्ये नाही.

तिसरा ऐजॉलच्या रिनपुईचा.
एक शब्द कळत नाही.
पण बेदाण्याच्या पेट्या मोजताना वाटतं
आकडे तिच्या भाषेत चाललेत,
आणि बेरीज बरोबर येते.

दुसरा सुचेल तेव्हा.

पहिला : 'दुपारचे पावणेतीन',
निशिगंधा टेंभरे, गोंदिया.
ऐकणारे एकूण एकशे चौदा.
तिच्या आधीच्या गाण्यांना दोनशे रुपये पाठवले होते,
तर तिनं विचारलं,
तासगावात कोण ऐकतं हे? कुठे बसून?
मला लिहिता येईना.
मोबाइल दोन नंबरच्या कॉम्प्रेसरजवळ धरला,
चाळीस सेकंद. पाठवून दिले.

ऑगस्टात अल्बम आला.
चौथ्या गाण्यात बराच वेळ शब्दच नाहीत,
आणि पेटीच्या सुराखालून
आमचा दोन नंबर.
परक्या दोरीवर आपला सदरा वाळत असावा
तसा लगेच ओळखला.

सांगणार कुणाला?
सौद्याला येणारे हिरव्याचा दर विचारतात, पिवळ्याचा विचारतात.
आज मुजावरचाचांच्या दोन्ही कानांत घातलं.
एकतीस वर्षांचे फिटर.
डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं त्यांनी,
मी आपला तोंडाकडे बघत.

इअरफोन काढला, बाहीला पुसला.
'बेअरिंग चाललंय. कधीचं हे?'
जूनचं.
'म्हंजे सहा महिनं बोंबलतंय ते,
आन् तू गाणं म्हणून ऐकतोयस.
त्या पोरीला सांग, सूर तिचा न्हाई चुकलेला. आपला.'

आणि पाना शोधायला गेले.

तीन वाजता, कॉम्प्रेसर दोन बंद, दुरुस्ती.
एवढी शांतता इथं पहिल्यांदाच.
सांगली रोडवरचा ट्रक गिअर बदलतो, तेही ऐकू येतं.
नव्या बेअरिंगचा आवाज निराळा असणार,
तिला कळवायला हवं
की चौथ्या गाण्यातला आता कुठेच नाही.

चेंबर चार, चार पूर्णांक नऊ.
चढतंय.
चाचा, आवरा.