सहा प्रती

दुसऱ्या बुधवारनंतरचा पहिला मंगळवार.
तिथी काढावी तशी काढतात ही तारीख,
पंचांग मात्र कायद्याचं.
बिस्मार्कमध्ये उणे बावीस.
गाड्यांची इंजिनं वायरीला जोडून
उबेला ठेवलेली, आजारी गुरांसारखी.

मी सचिवांच्या कचेरीतला कारकून, लाइल ब्रेक्के.
माझं काम : सहा कागद, निळी शाई, टिपकागद,
आणि कोणी विचारलंच तर कलम सांगणं.
सव्वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

नॉर्थ डकोटाला तीन मतं.
दोन सिनेटच्या खुर्च्यांची, एक डोक्यांच्या मोजदादीचं.
नोव्हेंबरात लोकांनी ज्या नावापुढे खूण केली
ते नाव म्हणजे पाटी;
आतलं मुखत्यारपत्र या तिघांच्या नावे.
शाळेत शिकवतात हे. राहत नाही कोणाच्या लक्षात.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट
तो शुक्रवारी रात्री, ओहायोतल्या एका हॉटेलात,
बूट काढता काढता गेला.
एकच निघाला होता म्हणे.

कोल्टन, तिघांत धाकटा, कायद्याचा विद्यार्थी, म्हणाला,
"उत्तराधिकाराची यादी आहे ना?
उपाध्यक्ष, मग सभागृहाच्या सभापती, मग सिनेटचे ज्येष्ठ,
मग मंत्री, खाती ज्या क्रमाने जन्मली त्या क्रमाने..."
म्हटलं, ती खुर्ची रिकामी झाली तर.
हा अजून बसला नव्हता.
"मग निवडून आलेल्याचं कलम?"
हा निवडूनही आला नव्हता.
आज तुम्ही लिहिणार, तेव्हा येणार होता.

"मग शुक्रवारी मेला तो कोण होता?"

मी पानं उलटली.
कलमात त्यासाठी शब्द नव्हता.

पक्षाचा फोन आला : जोडीदाराचं नाव वर घ्या,
खालच्या जागेसाठी नवं नाव पाठवतोय.
नवं नाव आलं, त्यात एक अक्षर चुकलेलं.

मर्लिन फेटर, पासष्ट वर्षं गायींमागे उठलेला,
हात टेबलावर ठेवून म्हणाला,
"माझ्या गावाने मेलेल्याला मत दिलंय.
मी कोण बदलणार?"
मी त्याला सांगितलं, माझं कामच ते :
दीडशे वर्षांमागे असंच झालं होतं,
मेलेल्या उमेदवाराला मतं पडली, तीन.
काँग्रेसने मोजली नाहीत.
"पण पडली ना?" मर्लिनने विचारलं.

आर्डिस हॉगलंड तोवर गप्प.
धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं हिशेब लिहिलेली बाई,
चष्मा दोरीला बांधलेला.
"आमचा मालक ऐन कापणीत गेला," ती म्हणाली,
"ट्रकांची रांग हायवेपर्यंत.
गहू सुतक पाळत नाही.
मी त्याच्या नावाआधी 'करिता' लिहिलं
आणि आठवडाभर पावत्या फाडल्या.
कोणी विचारलं नाही, कोणाकरिता."
तिने जोडीदाराचं नाव लिहिलं. वळणदार, सावकाश.
कोल्टनने तिच्याकडे बघून लिहिलं.
मर्लिनने अकरा मिनिटं घेतली.
भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून ठाऊक.

दोन. एक.
खालच्या जागेला तीन, अक्षर दुरुस्त करून.

मग मी सहाही प्रतींवर तसंच उतरवलं,
मेलेल्या माणसाचं नाव सहा वेळा,
स्पेलिंग पुन्हा पुन्हा तपासून.
एक सिनेटला, दोन पुराभिलेखात, दोन आमच्याकडे,
एक जिल्हा न्यायाधीशाला, हरवलं-बिरवलं तर.
मोजायचं की नाही, ते सहा जानेवारीला वरचे बघतील.
माझ्या हातात लाख आणि तिकिटं.

आर्डिस हातमोजे शोधत होती.
मर्लिन आधीच बाहेर पडला,
गाडीची वायर उपटून हाताला गुंडाळत.

टिपकागद मी टाकायचा असतो.
त्यावर दोन्ही नावं उलटी उमटलेली,
एकावर एक,
वाचता येईनात.
घडी घालून खिशात ठेवला.
याचं कलम मी शोधलं नाही.