भारनियमन

साखर पेठेत गुरुवारी साडेआठला
माग खडखडत असतानाच प्रश्न सुरू व्हायचे.
ऐकू काही यायचं नाही,
आम्ही सूत्रधाराचे ओठ वाचायचो.
चार पर्याय, तीस सेकंद.
राजव्वा विडीला दोरा गुंडाळत,
मान वर न करता
म्हणायची, 'ब की गं.'
दर वेळी ब.

शाळेत बुधवारी संगणक. चपला बाहेर.
एप्रिलमध्ये थंड अशी तेवढीच खोली.
पाढ्यांचा बेडूक कमळाच्या पानांवरून
पलीकडे न्यायचा असे.
एक माउस, आम्ही दोघी:
बाण माझा, टिचकी सुनंदा यन्नमची.
सात आठे चोपन्न म्हटलं
की बेडूक डुबुक.
छप्पन्न येत होतं आम्हाला.
तरी चोपन्न.

एकदा शेवटचाच प्रश्न राहिला होता,
समोरचा माणूस घामाघूम,
आणि लाइट गेली.
माग थांबले. सगळ्या पेठेत एकदम इतकं गप्प
की तेंदूच्या पानावर चालणारी
कात्री ऐकू आली.
अंधारातून राजव्वा: 'ब.'

बरोबर होतं का, कधी कळलं नाही.

परवा खात्याच्या परीक्षेत
एकाहत्तराव्या प्रश्नाला अडले.
पंखे फिरत होते, लाइट होती,
तरी कानात माग थांबले.
गोल काळा केला.
कुठला, ते काय विचारता.