उतार धर

जहाज सकाळी सातला लागतं, साडेचारला सुटतं.
धुलाईखान्यातल्या आम्हाला मधले चार तास मिळतात,
तेही चादरींचा ढीग आटोक्यात असेल तर.
प्रवासी उतरतात नकाशे घेऊन, कुणाच्या तरी छत्रीमागे रांगेनं.
मी उतरतो बापाचं वाक्य घेऊन:
"पान्याकडं पाठ कर अन् चढ.
परततानी कोनाले इचारू नको. उतार धर."

हे त्यानं मला पवनीत शिकवलं,
नवव्या वर्षी, वैनगंगेच्या घाटावर.
डोंग्यात आम्ही सात-आठ जण, दोन शेळ्या,
शिंगाड्यांची ओली पोती
आणि सखूबाई वलथरे, जिला दर खेपेला मळमळायचं.
डोंगा टेकला की बाप सांगायचा,
"ऊन कळसावरून उतरलं की सोडतो.
राजा असो, नाईतर तू."

मग सगळं गाव माझं.
घाटाच्या पायऱ्या, मोजल्या की दर वेळी वेगळ्या.
परकोटाची भिंत, तिच्या फटीतून वाढलेले उंबर,
दरवाजापाशी सायकली दुरुस्त करणारा मुनीर,
हवा फुकट भरायचा, गप्पांत ती वसूल करायचा.
मिरचीच्या ढिगांमधून शिंकत वाट काढायची.
कोष्ट्यांच्या गल्लीत माग थांबले
की कळायचं, जेवणाची वेळ झाली.
टेकडीवर शाळेची सहल आलेली. मास्तर म्हणाले,
इथं जुना स्तूप निघाला, तेव्हाचे लोक नदीनं येत असतील.
मी मागून विचारलं, त्यांचा डोंगा किती वाजता सुटायचा?
पोरं हसली.
मला अजून उत्तर हवंय.

एकदाच चुकलो.
कल्हईवाल्यापाशी बसलो,
काळं पातेलं पांढरं होताना बघत.
धावत आलो तर डोंगा मधोमध,
बापाची पाठ, वल्ह्याचं पाणी.
हाक मारली. पाठ तशीच.
अंधारेस्तोवर पायरीवर बसलो.
एका धोबिणीनं पदरातले मुरमुरे दिले, नाव विचारलं नाही.
दुसऱ्या खेपेला बाप आला, काही बोलला नाही.
पलीकडं लागेस्तोवर मी डोंग्यातलं पाणी उपसत होतो.

त्या एका संध्याकाळीच्या भांडवलावर
अठ्ठावीस बंदरं फिरलोय.
जेनोआत बोळ असे, की दोन्ही खांदे भिंतीला लागतात.
लिस्बनला चढणीवर दम लागला तेव्हा
वर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, मी तोंड फिरवलं.
माल्टात फोन बंद पडला, सोबतचा रोमेल रडकुंडीला.
म्हटलं, पायांना विचार, ते कुठं ओढतात.
अकरा मिनिटं राखून पोचलो.
मुकादम म्हणाला, तू कुठल्या बंदराचा रे?
मी म्हटलं, जिल्हा भंडारा.

या सुट्टीत पाहिलं,
धरणाचं पाणी चढत आलंय,
खालच्या पायऱ्या बुडाल्या, मोजायचा प्रश्न मिटला.
डोंगा आमच्या अंगणात उपडा, त्यावर मोहफुलं वाळतात.
बाप आता ठेकेदाराच्या लाँचवर,
नारिंगी जाकीट घालून नागपूरच्या लोकांना सांगतो,
"दोन तास. साडेचारले सोडतो."
माझ्याकडं न बघता.

मी पाण्याकडं पाठ केली.
मुनीरचा मुलगा मोबाइलच्या काचा बदलतो.
कोष्ट्यांच्या गल्लीत एकाच घरातून खटखट येत होती,
तिथं किती वेळ उभा होतो, ठाऊक नाही.
टेकडीवर एक बकरी, आणि वारा.
घड्याळात चार पस्तीस.

उतार धरला.
लाँच उभी. बायका वैतागलेल्या,
एक लहान पोर टोपीसाठी रडत होतं,
बाप इंजिनावर वाकलेला, हातात पाना.
"काई तरी अडकलं जी, पाचच मिनटं."
मी चढलो, तसा पाना डब्यात गेला.
पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.

दोर सोडायला मी वाकलो.
गाठ कधीचीच सुटलेली.
दोर नुसता
त्याच्या पायाखाली दाबलेला होता.