लांगा, गुरुवार, रात्रीचे आठ

नोम्वुयोच्या कॅफेत टेबलं सहा,
खुर्च्या उसन्या, दोन तर चर्चमधल्या.
म्झोलिसी दिवसभर बस चालवतो;
सॅक्सोफोन ओठांना लावला तरी
उजवा पाय ब्रेक शोधत राहतो.

तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यात लोडशेडिंग.
कीबोर्ड मेला. माइक मेला.
कोपऱ्यातला जुना फ्रीज
एक आचका देऊन गप्प झाला.
दूध नासणार, कुणीतरी पुटपुटलं.

तेव्हा कुठे कळलं,
संध्याकाळभर षड्ज
तोच धरून बसला होता.

बासवाला अंधारात तार चाचपत राहिला.
मग काउंटरमागून,
कप विसळता विसळता,
नोम्वुयोनं तो सूर लावला तोंड मिटूनच,
फ्रीजपेक्षा किंचित खाली.

म्झोलिसीनं ब्रेक सोडला.